संगणक चालतो आहे, मग तो भंगारात का काढायचा?

विंडोज 10 या कार्यप्रणालीचा आधार मायक्रोसॉफ्टने 14 ऑक्टोबर 2025 रोजी थांबवला आणि तेव्हापासून या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा रोखच बदलला. पूर्वी कोणता लॅपटॉप घ्यावा असे विचारणारे वाचक आता हातातल्या लॅपटॉपचे काय करावे असे विचारू लागले आहेत आणि त्यांतल्या अनेकांच्या कानांवर लिनक्स या विंडोजऐवजी वापरता येणाऱ्या मोफत कार्यप्रणालीचे नाव गेलेले आहे. त्यामुळे या वेळी सदराची सर्व जागा याच एका विषयावरच्या प्रश्नांना दिली आहे.

प्रश्न : माझ्याकडे 2015 साली घेतलेला लॅपटॉप आहे. इंटेलचा आय-3 प्रोसेसर, 4 जीबी रॅम आणि 500 जीबीची हार्ड डिस्क. पत्रव्यवहार, निवृत्तिवेतनाची कामे, कीर्तने ऐकणे आणि नातवाशी व्हिडिओवर बोलणे एवढाच माझा वापर आहे. दुकानदार म्हणतात की यावर विंडोज 11 बसणार नाही, नवा घ्या. पुतण्या म्हणतो की लिनक्स टाका. माझे वय 71 आहे. या वयात लिनक्सकडे वळण्याची खरी कारणे कोणती, हे कृपया सविस्तर सांगावे. (निवृत्त मुख्याध्यापक, चिपळूण)

उत्तर : आपल्या दुकानदारांनी सांगितलेले चुकीचे नाही. विंडोज 11 साठी संगणकात टीपीएम 2.0 नावाची, गुप्त किल्ल्या सांभाळणारी सुरक्षा-सोय असावी लागते आणि इंटेलचा प्रोसेसर असेल तर तो साधारणपणे आठव्या पिढीचा किंवा त्यानंतरचा लागतो. आठवी पिढी बाजारात आली ती 2017 मध्ये. आपला लॅपटॉप त्याआधीचा आहे. मात्र नवी प्रणाली त्यावर बसत नाही ही एक गोष्ट झाली आणि लॅपटॉप निकामी झाला ही दुसरी. दुकानाच्या काउंटरवर या दोन्ही गोष्टी फार सहज एक होऊन जातात. आपल्या लॅपटॉपचा पडदा, कळफलक, प्रोसेसर, वायफाय हे सारे शाबूत आहे. संपली आहे ती एका कंपनीने ठरवलेली मुदत.

आधार थांबला म्हणजे विंडोज 10 बंद पडले असे नाही. ते उद्याही सुरू होईल. पण त्यात यापुढे सापडणाऱ्या सुरक्षेच्या त्रुटी बुजवल्या जाणार नाहीत. घरगुती ग्राहकांना नोंदणी करून 13 ऑक्टोबर 2026 पर्यंत सुरक्षा-दुरुस्त्या मिळवण्याची सोय ठेवलेली आहे आणि ज्यांना विचाराला वेळ हवा आहे त्यांनी ती जरूर घ्यावी, परंतु ती केवळ मुदतवाढ आहे. ज्या यंत्रावरून निवृत्तिवेतनाचे खाते पाहिले जाते, ते यंत्र दुरुस्त्यांविना इंटरनेटवर ठेवू नये, हे मी आपल्याला आग्रहाने सांगेन.

लिनक्सकडे वळण्याचे सर्वांत भक्कम कारण माझ्या मते इथेच आहे. आपले यंत्र किती वर्षे वापरायचे हा निर्णय ज्याने ते विकत घेतले त्याच्याकडे परत येतो. लिनक्स मिंट ही घरगुती वापरासाठी सोपी मानली जाणारी आवृत्ती घेतली, तर तिला किमान 2 जीबी रॅम लागते आणि 4 जीबीमध्ये तिचे काम बऱ्यापैकी सुखाने चालते. तिच्या 22 क्रमांकाच्या मालिकेला 2029 पर्यंत सुरक्षा-दुरुस्त्या मिळणार आहेत आणि त्यानंतरची आवृत्तीही विनामूल्यच घेता येते. तीही जड वाटू लागली तर त्याच मिंटचा एक्सएफसीई नावाचा हलका अवतार आहे. म्हणजे यंत्र म्हातारे झाले तर त्याच्या बेताचे ओझे निवडण्याची मुभा आपल्याला राहते.

ही मुभा कुणाच्या मेहेरबानीवर अवलंबून नाही, हा मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटतो. हेलसिंकी विद्यापीठात शिकणाऱ्या 21 वर्षांच्या लिनस टोरवाल्ड्स याने 25 ऑगस्ट 1991 रोजी आपण एक छोटी कार्यप्रणाली लिहीत असल्याचे जाहीर केले आणि पुढच्याच वर्षी तिचा गाभा जीपीएल या परवान्याखाली सर्वांना खुला केला. तो परवाना रिचर्ड स्टॉलमन यांनी 1983 मध्ये घोषित केलेल्या ग्नू या मुक्त सॉफ्टवेअरच्या प्रकल्पातून आलेला होता. सॉफ्टवेअर कोणत्याही कामासाठी वापरावे, ते कसे चालते हे उघडून पाहावे, त्यात बदल करावा, त्याच्या प्रती इतरांना द्याव्यात, हे चार हक्क त्यात वापरणाऱ्याला दिलेले आहेत आणि जो ते सॉफ्टवेअर पुढे वाटेल त्याने हेच हक्क पुढच्यालाही दिले पाहिजेत असे बंधन आहे. त्यामुळे एखाद्या संस्थेने उद्या काम थांबवले, तरी तिचे काम उचलून पुढे नेण्याची वाट दुसऱ्यांना मोकळी राहते. इंग्रजीतल्या ‘फ्री’ या शब्दाने इथे कायम घोळ होतो. आपल्याकडे सुदैवाने ‘मोफत’ आणि ‘मुक्त’ असे दोन वेगळे शब्द आहेत. लिनक्स मोफत मिळते हे खरे, पण ते घेण्याचे कारण त्याचे मुक्तपण आहे.

तिसरे कारण शांततेचे म्हणता येईल. विंडोज 11 घरगुती संगणकावर बसवताना मायक्रोसॉफ्टचे खाते उघडायला लावते आणि नंतरही मेन्यूत, सूचनांत, लॉक झालेल्या पडद्यावर काही ना काही सुचवत राहते. मिंटमध्ये नाव आणि पासवर्ड आपण ठरवायचा, तो आपल्याच यंत्रावर राहतो. दुरुस्त्या आल्या की कोपऱ्यात एक ढालीचे चिन्ह बदलते. त्या केव्हा बसवायच्या हे आपण ठरवायचे. व्याख्यान ऐन रंगात आलेले असताना संगणक स्वतःहून बंद होऊन पुन्हा सुरू होत नाही.

आमच्या शेजारच्या आजोबांकडे साधारण आपल्यासारखाच लॅपटॉप होता. तो सुरू केला की हार्ड डिस्कचा दिवा जो लागायचा तो विझायचाच नाही आणि ब्राउझर उघडेपर्यंत आजोबांचा चहा पिऊन व्हायचा. आम्ही आधी मिंट पेन ड्राइव्हवरून, काहीही न बसवता, चालवून पाहिले. वायफाय दिसले, आवाज आला, कॅमेऱ्यात आजोबांचा चेहरा दिसला. मग हार्ड डिस्क काढून तिच्या जागी 240 जीबीची एसएसडी, म्हणजे हार्ड डिस्कपेक्षा खूपच जलद चालणारी साठवण-डिस्क, बसवली आणि तिच्यावर मिंट घातले. आता तो लॅपटॉप अर्ध्या मिनिटाच्या आत कामाला तयार होतो. यातले बरेचसे श्रेय एसएसडीचे आहे हे मी प्रांजळपणे नोंदवते, कारण लिनक्स टाकले की जुने यंत्र जादूने नवे होते असे सांगणारे लोक आपल्यालाही भेटतील. आपण हार्ड डिस्क तशीच ठेवलीत तर फरक जाणवेल, परंतु एवढा नाही. शक्य असेल तर तेवढा खर्च अवश्य करावा; नव्या लॅपटॉपच्या किमतीपुढे तो फारच किरकोळ आहे.

वयाची काळजी करू नये. आपली चारही कामे मुख्यतः ब्राउझरमध्ये आणि एका लेखन-सॉफ्टवेअरमध्ये होणारी आहेत. फायरफॉक्स, क्रोम ही नावे तिकडेही तीच आहेत. वर्डच्या जागी लिब्रेऑफिस येईल आणि पहिले आठ-दहा दिवस हात जुन्या जागी जाईल, एवढेच.

प्रश्न : मी गेली 22 वर्षे मराठी टंकलेखन आणि अक्षरजुळणीचा व्यवसाय करते. पेजमेकर हे पानजुळणीचे सॉफ्टवेअर आणि श्रीलिपीचे मराठी फॉन्ट यांत केलेली शेकडो पुस्तके, लग्नपत्रिका, स्मरणिका माझ्याकडे आहेत. लिनक्सवर मराठी नीट लिहिता येते का, आणि माझ्या जुन्या फाइलींचे काय होईल? (वाचक, कोल्हापूर)

उत्तर : आपल्या पत्रात दोन प्रश्न आहेत आणि त्यांची उत्तरे परस्परविरुद्ध आहेत, म्हणून ती वेगवेगळी देते.

नवे मराठी लेखन लिनक्सवर उत्तम होते. मिंटच्या सेटिंगमध्ये कीबोर्डच्या पानावर ‘लेआउट’ हा भाग उघडावा, अधिक चिन्हावर टिचकी द्यावी आणि मराठी इनस्क्रिप्ट हा भारतीय भाषांसाठीचा प्रमाण कळफलक निवडावा. इंटरनेटवरून काही उतरवावे लागत नाही. मग ‘दुसऱ्या’ हा शब्द घ्या. यातला ‘ऱ्य’ अनेक ठिकाणी दगा देतो आणि त्याचा ‘र्य’ होऊन बसतो, कारण हिंदीला त्याची गरज नसते. इनस्क्रिप्टमध्ये ओ, जी, एम, मग शिफ्टसह जे, डी, तिरकी रेघ आणि ई अशा कळा दाबल्या की चंद्रकोरीसारखा अर्धा ‘र’ घेऊन ‘दुसऱ्या’ अचूक उमटतो. ‘ळ’ शिफ्टसह एन या कळीवर आहे. ज्यांना रोमन अक्षरांवरून लिहायची सवय आहे त्यांच्यासाठी आयबस नावाच्या सुविधेतून ध्वन्यनुसारी कळफलकही घेता येतो, परंतु आपल्यासारख्या दिवसभर लिहिणाऱ्या व्यक्तीने इनस्क्रिप्टच शिकावे असे माझे ठाम मत आहे. तो एकदा बोटांत बसला की कोणत्याही प्रणालीवर तोच चालतो. लोहित, नोटो यांसारखे मुक्त देवनागरी फॉन्ट सहज मिळतात. मराठीची स्थिती इतकी बरी असण्यामागे मुंबई-पुण्यातल्या माणसांचे श्रम आहेत. इंडलिनक्स हा भारतीय भाषा लिनक्सवर आणण्याचा प्रकल्प 2000 च्या सुमारास मुंबईतूनच सुरू झाला आणि पुढे रेड हॅट या लिनक्स कंपनीच्या पुण्यातल्या अभियंत्यांनी फॉन्ट व कळफलक यांवर वर्षानुवर्षे काम केले.

आता आपला जुना ठेवा. इथे मी आपल्याला खोटा दिलासा देणार नाही. श्रीलिपी, आकृती, कृतिदेव या पिढीतल्या फॉन्टमध्ये देवनागरीचे आकार इंग्रजी अक्षरांच्या आणि चिन्हांच्या जागांवर बसवलेले असत. फाइलमध्ये प्रत्यक्षात मराठी नसतेच. असतात त्या जागा, आणि विशिष्ट फॉन्ट हजर असेल तोवरच त्या मराठीसारख्या दिसतात. श्रीलिपीचे सॉफ्टवेअर विंडोजसाठी बनलेले आहे. लिब्रेऑफिसला 2015 पासून पेजमेकरच्या फाइली उघडता येतात, परंतु त्यात मांडणी तंतोतंत टिकेल अशी अपेक्षा धरू नये. म्हणून माझा सल्ला असा, की ज्या संगणकावर हे सारे आज व्यवस्थित उघडते तो तसाच ठेवावा, त्याला इंटरनेटपासून तोडावे आणि त्यावरून एकेक महत्त्वाची फाइल आधी पीडीएफ म्हणून आणि नंतर रूपांतरकाच्या साहाय्याने युनिकोडमध्ये, म्हणजे कोणत्याही संगणकावर मराठी म्हणूनच ओळखल्या जाणाऱ्या अक्षरांत, काढून घ्यावी. रूपांतरानंतर मुद्रिते वाचावीच लागतात; रफार, जोडाक्षरे आणि पहिली वेलांटी यांत चुका हमखास राहतात.

हे काम कंटाळवाणे आहे, पण ते लिनक्ससाठी करायचे नसून मजकुरासाठी करायचे आहे. पेजमेकरची शेवटची, सातवी आवृत्ती 2001 सालची आहे. ती उघडू शकणारे संगणक दर वर्षी कमी होत जाणार आणि ज्या दिवशी आपला तो संगणक बंद पडेल त्या दिवशी 22 वर्षांचे मराठी लेखन अगम्य चिन्हांच्या ढिगात रूपांतरित होईल. गावोगावच्या कितीतरी स्मरणिकांची, दिवाळी अंकांची आणि छोट्या प्रकाशकांच्या पुस्तकांची अशीच अवस्था आहे आणि त्यांची दुसरी प्रत कुठेच नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते. पुढच्या पानजुळणीसाठी स्क्रायबस हे मुक्त सॉफ्टवेअर पाहावे, त्याच्या 1.6 या आवृत्तीत देवनागरीची जोडाक्षरे योग्य जुळतात, जी जुन्या 1.4 मध्ये तुटत असत. एखादी आठ पानी पुस्तिका त्यात करून पाहिल्याशिवाय मात्र सगळा व्यवसाय तिकडे नेऊ नये.

प्रश्न : लिनक्सला व्हायरस लागतच नाही, हे खरे आहे का? (वाचक, पनवेल)

उत्तर : खरे नाही, आणि असे सांगणाऱ्यावर विसंबू नये. आपण पनवेलचे आहात, म्हणून जवळचेच उदाहरण देते. जून 2017 मध्ये नॉटपेट्या नावाच्या घातक सॉफ्टवेअरने जगभर धुमाकूळ घातला तेव्हा जवाहरलाल नेहरू बंदरातल्या, मर्स्क समूहाकडून चालवल्या जाणाऱ्या टर्मिनलचे कामकाज ठप्प झाले होते. त्या सॉफ्टवेअरने विंडोजमधल्या ज्या त्रुटीचा फायदा घेतला, तिच्यावरची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने त्याच वर्षी मार्चमध्ये दिलेली होती. नॉटपेट्याकडे पसरण्याच्या आणखीही वाटा होत्या, तरी दुरुस्तीविना राहिलेली यंत्रे त्याला आयती सापडली. याचा अर्थ प्रणाली कोणतीही असो, दुरुस्त्या वेळेवर बसवणे हा सुरक्षेचा पाया आहे.

लिनक्सची जमेची बाजू अशी, की बहुतेक सर्व सॉफ्टवेअर एकाच विश्वासू भांडारातून येते, त्यामुळे कुठल्याही संकेतस्थळावरून फाइल उतरवून ती चालवण्याची सवयच लागत नाही. आणि प्रणालीच्या मुळाला हात लावायचा तर प्रत्येक वेळी पासवर्ड विचारला जातो. पण तिथेही घात होऊ शकतो. मार्च 2024 मध्ये एक्सझेड नावाच्या, लिनक्समध्ये सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या एका छोट्या घटकात मुद्दाम चोरदरवाजा ठेवलेला आढळला. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला दूरच्या यंत्रात प्रवेश करताना सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतो आहे असे जाणवले, त्याने माग काढला आणि तो सापडला. आतले सारे उघडे असल्यामुळेच त्याला शेवटपर्यंत जाता आले. तरीही असा घाव बसू शकतो, हे आपण विसरू नये.

आणि फोनवरून पोलीस असल्याचे सांगून पैसे उकळणारे, ओटीपी मागणारे, वीज तोडण्याची धमकी देणारे जे भामटे आहेत, त्यांच्यापुढे लिनक्स काहीच करू शकत नाही.

प्रश्न : माझे यंत्रमागाच्या सुट्या भागांचे दुकान आहे. हिशेब टॅलीमध्ये आहेत, जीएसटीचे विवरण आणि डिजिटल सही मीच करतो. लिनक्सवर यावे का? (वाचक, इचलकरंजी)

उत्तर : हिशेबाच्या संगणकावर येऊ नये. टॅली विंडोजसाठी आहे. वाइन नावाच्या सोयीने ते लिनक्सवर चालवण्याचे प्रयत्न लोक करतात, परंतु विवरण भरण्याच्या शेवटच्या तारखेला ते अडले तर आपल्याला मदत करणारा कोणी नसेल. जीएसटीचे संकेतस्थळ ब्राउझरमध्ये उघडेल. डिजिटल सहीच्या टोकनसाठी मात्र लिनक्सचा ड्रायव्हर, म्हणजे ते टोकन चालवणारे सॉफ्टवेअर, आहे का हे ज्याच्या-त्याच्या टोकनवर अवलंबून असते आणि ते आधी विचारून घ्यावे लागते. दुकानात दुसरा संगणक असेल, ज्यावर मेल, कोटेशन आणि मालाची चौकशी एवढेच होते, तर तो खुशाल लिनक्सवर न्यावा.

प्रश्न : आमच्या जिल्हा परिषद शाळेला एका बँकेने वापरलेले नऊ संगणक दिले आहेत. त्यांवर विंडोजचे परवाने नाहीत. लिनक्स घालावे असे मला वाटते, परंतु पालक म्हणतात की पुढे एमएस-सीआयटीला आणि नोकरीत विंडोजच लागणार, मग मुलांना वेगळे का शिकवता? (शिक्षिका, नंदुरबार जिल्हा)

उत्तर : आपण योग्य विचार करत आहात आणि पालकांची शंकाही मनावर घेण्यासारखी आहे, म्हणून तिला नीट उत्तर द्यावे.

सर्वप्रथम, परवाना नसलेले विंडोज शाळेत टाकू नये. मुलांना आपण संगणकाची पहिली ओळख करून देणार आणि ती चोरीच्या मालावर, हे शिक्षिका म्हणून आपल्यालाही पटणार नाही. शिवाय कुणीतरी कुठून तरी आणलेल्या अशा प्रतींतूनच घातक सॉफ्टवेअर शिरते.

पालकांना केरळचे उदाहरण सांगावे. तिथल्या सरकारी शाळांमध्ये आयटी अ‍ॅट स्कूल या 2001 मध्ये सुरू झालेल्या उपक्रमातून, आणि आता काइट या संस्थेमार्फत, अनेक वर्षे लिनक्सवरच संगणक शिकवला जातो. त्यासाठी त्यांनी स्वतःची आवृत्ती तयार केली, शिक्षकांना प्रशिक्षण दिले आणि पाठ्यपुस्तकेही त्याच आधारावर लिहिली. तिथली मुले पुढे नोकरीधंद्यात मागे पडलेली दिसत नाहीत. तिसरी-चौथीच्या मुलाला माउस धरणे, फाइल जतन करणे, फोल्डर करणे, तक्ता मांडणे, शोध घेणे हे शिकायचे असते आणि ते ज्याला कळले तो मोठेपणी कोणत्याही प्रणालीवर चार दिवसांत रुळतो. पाचवीतली मुलगी एमएस-सीआयटीला बसेपर्यंत आजच्या विंडोजचा मेन्यू कितीदा बदललेला असेल, हेही पालकांच्या लक्षात आणून द्यावे.

जीकॉम्प्री आणि टक्स पेंट लहानांसाठी, भूमितीसाठी जिओजेब्रा आणि आकाश पाहण्यासाठी स्टेलॅरियम एवढे घातले तरी वर्षभर पुरेल. स्टेलॅरियममध्ये आपल्या गावाचे अक्षांश-रेखांश भरून त्या रात्रीचे आकाश मुलांना दाखवावे आणि मग अंगणात नेऊन तेच तारे ओळखायला लावावे. हा तास त्यांच्या जन्मभर लक्षात राहील. आपल्या स्वतःच्या अभ्यासासाठी पवईच्या आयआयटीचा स्पोकन ट्युटोरियल प्रकल्प आहे. त्यात लिनक्स, लिब्रेऑफिस वगैरे विषयांचे दहा-दहा मिनिटांचे धडे असून त्यांतले पुष्कळसे मराठीतूनही ऐकता येतात. नऊही संगणक एकदम न करता आधी दोन करावेत. ते महिनाभर चालले की उरलेल्या सातांची भीती वाटणार नाही.

प्रश्न : ही प्रणाली एवढी चांगली असेल तर सरकारे ती का वापरत नाहीत? म्युनिक शहराने ती वापरून सोडून दिली, असे वाचले. (विद्यार्थी, नागपूर)

उत्तर : आपण वाचलेले बरोबर आहे, पण ते अर्धेच आहे. म्युनिकच्या नगरपालिकेने 2003 मध्ये निर्णय घेऊन 2013 पर्यंत सुमारे 15,000 संगणक लिनक्सवर आणले आणि 2017 मध्ये विंडोजकडे परतण्याचे ठरवले. त्यामागे राजकीय फेरबदल होते, तशाच कर्मचाऱ्यांच्या खऱ्या अडचणीही होत्या. याच जर्मनीतल्या श्लेसविग-होल्स्टाइन राज्याने मात्र एप्रिल 2024 मध्ये आपले 30,000 संगणक लिब्रेऑफिस आणि लिनक्सकडे नेण्याचे जाहीर केले, आणि कारण दिले ते आपल्या माहितीवर व यंत्रणेवर आपला ताबा असावा हे. फ्रान्सचे जॉंदार्मरी हे पोलीस दल तर 2008 पासून उबुंटू या लिनक्स आवृत्तीवर आहे. आपल्याकडे सी-डॅक या सरकारी संगणन संस्थेने 2007 मध्ये बॉस ही भारतीय भाषांची लिनक्स आवृत्ती दिली आणि 2023 मध्ये संरक्षण मंत्रालयाने आपल्या संगणकांसाठी उबुंटूवर आधारित माया ही प्रणाली घेण्यास सुरुवात केली.

पडद्यामागचे म्हणाल तर सरकारे लिनक्स केव्हापासूनच वापरतात. जगातले सर्वांत वेगवान 500 महासंगणक नोव्हेंबर 2017 पासून सर्वच्या सर्व लिनक्सवर आहेत, आणि आपल्या हातातल्या अँड्रॉइड फोनचा गाभाही लिनक्सच आहे. मागे राहिला आहे तो टेबलावरचा संगणक, कारण तो विकत घेतानाच त्यात विंडोज असते आणि जे आहे ते बदलण्याची तसदी बहुतेक माणसे घेत नाहीत.

प्रश्न : लिनक्स घालण्याचे ठरवले आहे, परंतु जमले नाही तर परत येता येईल का, हीच एक धास्ती आहे. सुरुवात कशी करावी? (वाचिका, फोंडा, गोवा)

उत्तर : परत येता येते, मात्र त्याची तयारी आधी करावी लागते. फोटो, कागदपत्रे, ब्राउझरमधले पासवर्ड हे सर्व बाहेरच्या हार्ड डिस्कवर उतरवावे आणि ती दुसऱ्या संगणकाला जोडून दोन-चार फाइली उघडतात का हे प्रत्यक्ष पाहावे. ‘बॅकअप घेतला होता’ असे म्हणणाऱ्या आणि ती डिस्क कधीच उघडून न पाहिलेल्या माणसांची रडवेली पत्रे मी या सदरात वाचली आहेत. विंडोजमध्ये बिटलॉकर, म्हणजे डिस्कवरची माहिती कुलूपबंद करणारी सोय, सुरू असेल तर त्याची 48 अंकी रिकव्हरी की कागदावर लिहून ठेवावी. विंडोज लॅपटॉपसोबतच आलेले असेल तर त्याचा परवाना बहुधा यंत्रातच नोंदलेला असतो आणि तीच आवृत्ती पुन्हा बसवल्यास ती आपोआप ओळखली जाते. तरीही विंडोजचा एक रिकव्हरी पेन ड्राइव्ह आताच करून ठेवावा.

त्यानंतर लिनक्स मिंटची आयएसओ फाइल, म्हणजे संपूर्ण प्रणाली सामावलेली एक फाइल, अधिकृत संकेतस्थळावरून उतरवावी आणि 8 जीबीच्या पेन ड्राइव्हवर रूफस किंवा एचर या सॉफ्टवेअरने लिहावी. पेन ड्राइव्हवरचे आधीचे सारे पुसले जाते, हे ध्यानात असू द्यावे. संगणक बंद करून सुरू करताना डेल आणि लेनोव्होवर बहुधा एफ-12, एचपीवर एफ-9 दाबत राहिले की कशावरून सुरू करायचे असे विचारले जाते. तिथे पेन ड्राइव्ह निवडावा. मिंट समोर येईल आणि डिस्कवरचे काहीही बदललेले नसेल. या स्थितीत दोन-तीन दिवस काढावेत. पेन ड्राइव्हवरून सारे थोडे संथ चालते, त्यावरून प्रणालीची परीक्षा करू नये. तपासायचे ते वायफाय, ब्लूटूथ, आवाज, कॅमेरा, झाकण मिटल्यावर झोपणे आणि उघडल्यावर जागे होणे, आणि प्रिंटर. एचपीचे बहुतेक प्रिंटर लगेच ओळखले जातात. कॅननच्या काही जुन्या लेझर प्रिंटरना मात्र वेगळा ड्रायव्हर लागतो आणि तो बसवणे नवख्याला जड जाते. आपला प्रिंटर त्यांतला निघाला तर निर्णय घेण्याआधी जाणकाराकडून तेवढे काम करून घ्यावे.

सारे ठीक वाटले तर पहिल्या खेपेस विंडोज पुसू नये. विंडोजमधूनच सी ड्राइव्ह आकुंचित करून 60 ते 100 जीबी जागा मोकळी करावी, विंडोजला पुरते बंद न होऊ देणारी फास्ट स्टार्टअप ही सोय बंद करावी आणि मिंट बसवताना ‘विंडोजच्या बरोबरीने’ हा पर्याय निवडावा. मग संगणक सुरू होताना रोज दोन्ही नावे दिसतील. तीन महिन्यांनी आपण विंडोजचे नाव शेवटचे केव्हा निवडले होते हे आठवून पाहावे आणि त्यानुसार ती जागा मोकळी करावी किंवा तशीच राहू द्यावी.